नापास घरांचे एजंट

घर घ्यायला निघालेल्या माणसाला घर घेऊ न देणारा इस्टेट एजंट ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधलात तर एकच सापडेल, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. एरवी लोक एजंटाच्या नावाने बोटं मोडतात ती घर वाईट निघालं म्हणून. ह्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांची तक्रार वेगळी असे. ह्या माणसाने आम्हाला पंधरा घरं दाखवली आणि पंधराही घरांवरून आमचं मन उडवलं, असं ते म्हणत. ह्यांच्या हातून घरं विकलीच गेली नाहीत असं नाही, पण जी गेली ती बहुतेक ह्यांना न जुमानता गेली.

अर्थात दोष त्यांचा एकट्याचा नव्हता, नोकरीचाही होता. सकाळी सात ते साडेतीन ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तिथे पंपाचे सुटे भाग बनत. बनलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि केसभर कमी-जास्त निघाला की त्यावर लाल रंगाचा ठिपका देऊन तो बाजूला टाकायचा, हे ह्यांचं काम. बत्तीस वर्षं हा माणूस चुका काढण्याचा पगार घेत होता. साडेतीनला सुटायचे, कंपनीच्या बसने डोंबिवलीला यायचे, तोंड धुऊन चहा प्यायचे आणि साडेपाचला एजंट व्हायचे. शर्ट बदलायचा, डोळे तेच राहायचे. व्हिजिटिंग कार्डाच्या एका बाजूला नोकरी आणि दुसऱ्या बाजूला ‘घरे घेणे-देणे’ असं छापलेलं, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘घाई असल्यास दुसरीकडे चौकशी करावी.’ हे वाक्य छापू नका म्हणून प्रेसवाल्याने हात जोडले होते म्हणे.

घर दाखवायची त्यांची एक रीत होती. खिशात काचेची एक गोटी असे. दार उघडलं की चपला काढायच्या, खिडकीबाहेर काय दिसतं तिकडे ढुंकूनही न बघता हॉलच्या मधोमध उकिडवं बसायचं, गोटी फरशीवर ठेवायची आणि हात अलगद काढून घ्यायचा. मागे गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाची बायको आणि घरमालक श्वास रोखून उभे. गोटी हलली की हे तिच्यामागे रांगत निघायचे. “बघा, बाल्कनीतून आत येतेय. पावसाचं पाणीपण असंच येणार.” घरमालकाचा चेहरा पडायचा. ही गोटी फक्त धंद्यापुरती असती तरी चाललं असतं, पण बायकोच्या मामेबहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी ती व्याह्यांच्या हॉलमध्ये सोडली आणि ती सोफ्याखाली गेली. मुलाचे काका, आत्या, सगळे वाकून सोफ्याखाली बघतायत, कुणाला काय हरवलंय ते कळत नाही, आणि हे माझ्या कानाशी येऊन म्हणतात, “मुलगा चांगला आहे साडूबुवा, पण फरशी खचलीय.”

गोटी झाली की भिंती. बोटाच्या पेराने ठकठक करायची आणि कान लावून ऐकायचं. एकदा शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजोबांना वाटलं, पलीकडून कोणी बोलावतंय. त्यांनी उलट ठकठक केली. ह्यांनी परत केली. असा संवाद बराच वेळ चालला, आणि शेवटी आजोबा काठी टेकत दारात येऊन उभे राहिले. “काय पाहिजे?” “काही नाही आजोबा, तुमची भिंत पोकळ आहे.” “मला माहितीये,” आजोबा म्हणाले, “चाळीस वर्षं मीच राहतोय ना तिथे!” हे एवढे खूश झाले की गिऱ्हाइकाला तिथेच उभं सोडून आजोबांकडे अर्धा तास बसले आणि बिल्डिंगची सगळी दुखणी वहीत उतरवून घेतली.

माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये तर त्यांना परत येऊ नका असं स्पष्ट सांगण्यात आलं होतं. सॅम्पल फ्लॅट बघायला बँकेतल्या एका सहा फुटी गृहस्थांना घेऊन हे गेलेले. गुळगुळीत फरश्या, मंद दिवे, हसणारी मुलगी, सगळा थाट. गृहस्थ भारावले. ह्यांनी बेडरूममध्ये जाऊन पलंगाकडे बोट केलं. “साहेब, जरा आडवे व्हा.” “अहो, आडवं कशाला?” “व्हा तर खरं.” साहेब आडवे झाले आणि त्यांचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबायला लागले. खोली मोठी वाटावी म्हणून पलंगच लहान मुलांचा बनवला होता. ती मुलगी कावरीबावरी झाली. ह्यांनी टेपने पलंग मोजला, आकडा वहीत लिहिला आणि तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, “बाळा, तुझी चूक नाही. पण माल नापास आहे.”

मात्र एक खरं, ह्या माणसाने खोट्याला कधी खरं म्हटलं नाही. एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव ऐकून “बरं, पण आडनावावरून… तुमच्यात खाणंपिणं कसं असतं?” असं सुरू केलं, की हे वही मिटायचे. “चला साहेब. ह्या बिल्डिंगचा पायाच वाकडा आहे, वर काय बघायचं!” आणि ते जिना उतरायला लागायचे. अशा कितीतरी कुटुंबांना त्यांनी नंतर जिद्दीने घरं मिळवून दिली. ती माणसं अजून दिवाळीला फराळ घेऊन येतात. फराळ द्यायला प्रत्येक वेळी नवा पत्ता शोधावा लागतो, एवढीच अडचण.

कारण हे स्वतः भाड्याने राहत. हसू नका. मुळात ते एजंट झाले तेच स्वतःचं घर शोधण्यासाठी. ताईंशी लग्न होऊन दोन वर्षं झाली तेव्हा ‘दुसऱ्याला दलाली कशाला द्यायची, आपणच बघू’ असं म्हणून हे संध्याकाळचे बाहेर पडले, आणि वाटेत लोकांची घरं लावून देत बसले. बघितलेलं प्रत्येक घर नापास होत गेलं आणि घरं महाग होत गेली. भाड्याच्या घराला मात्र ते गोटी लावत नसत. “अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे, काय मोजायचंय?” असं म्हणून पहिलं दिसेल ते घेत. त्यामुळे दुनियेला निर्दोष घर शोधून देणारा हा माणूस स्वतः डोंबिवलीतल्या सर्वांत भिकार घरांमधून एकेक करून राहत गेला. माझ्या मोजदादीत नऊ घरं झाली. ताईंना फक्त एक गोष्ट हवी होती, मरायच्या आधी स्वतःचं घर. त्या ते कधी भांडून बोलल्या नाहीत. त्यांची तुळस रंगाच्या रिकाम्या डब्यात असे, कारण डब्याला उचलायला कडी असते. भिंतीला खिळा मारायचा नाही ही प्रत्येक मालकाची अट, म्हणून देवाची तसबीर कायम टेबलावर टेकवलेली. लग्नातली पितळी भांडी एका खोक्यात बांधली होती ती त्यांनी कधी सोडलीच नाहीत. “आपल्या घरी गेल्यावर काढू,” असं त्या म्हणायच्या, आणि हे सांगताना त्यांच्या तोंडावर कुरकुर नसे, गंमत असे. मला त्याचाच जास्त राग यायचा.

एकदा मी चिडून ताईंना म्हणालो, “अहो, हा माणूस वेडा आहे का?” तेव्हा त्यांनी मला सांगितलं. ह्यांच्या वडिलांनी रिटायर झाल्यावर कल्याणला खाडीच्या अंगाला घर घेतलं होतं. रंग बघितला, वारा बघितला, कागद बघायचे राहिले. दोन वर्षांत बिल्डिंग बेकायदा ठरली आणि पाडली गेली. पाडत होते तेव्हा वडील समोरच्या फुटपाथवर मांडीत कुकर घेऊन बसले होते, कारण घाईत हाताला तेवढाच लागला. हे तेव्हा एकोणीस वर्षांचे. “ते घराला घाबरतात हो भाऊजी,” ताई म्हणाल्या, “तुम्ही त्यांना हसा, पण माझ्यासमोर नको.” त्या दिवसापासून मी जपून हसायला लागलो.

बारा वर्षांपूर्वी, होळी होऊन गेली होती, तेव्हाची गोष्ट. एका लग्नाहून परत येताना हे ताईंना घेऊन नांदिवलीच्या बाजूला एक रिसेलचं घर बघायला गेले. जुनी चार मजली बिल्डिंग, दुसरा मजला, वन बीएचके. एरवी ताई बरोबर जात नसत. त्या दिवशी गेल्या, सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी पर्स ओट्यावर ठेवली. घर बघताना बाई पर्स हातातच ठेवते. ओट्यावर ठेवली की समजावं, ती मनाने राहायला आली. हे मला खूप नंतर बायकोने शिकवलं. ह्यांनी गोटी सोडली, गोटी जागची हलली नाही. भिंती वाजवल्या, भरीव निघाल्या. कागद चोख होते. ताईंनी, म्हणे, डोळे मिटून घेतले होते. आणि तेवढ्यात ह्यांना स्वयंपाकघरात, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर खाली, तळहाताएवढी ओल दिसली. ह्यांनी खिशातून पेन्सिल काढली, ओलीच्या कडेकडेने रेघ मारली, बाजूला तारीख टाकली आणि म्हणाले, “एक पावसाळा जाऊ दे. रेघेच्या बाहेर गेली नाही तर हेच घेऊ.” मालकांना मुलाकडे पुण्याला जायचं होतं. “अहो, घर विकतोय मी, पावसाळा कशाला दाखवताय?” असं ते म्हणाले. झालं, घर नापास.

आणि ते मी घेतलं. इथे मला लपवाछपवी करायची नाही. आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलेलो, ह्यांनीच विषय काढला, ओलीसकट सगळं सांगितलं. मी म्हणालो, “तुम्ही नक्की घेत नाही ना?” “नापास म्हणजे नापास.” “मग मी बघू?” “बघा की. पण माझी जबाबदारी नाही. आणि नापास मालावर मी दलाली घेत नाही.” मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारा माणूस, आयुष्यात कधी घाई केली नव्हती, पण तीन आठवड्यांत सह्या करून मोकळा झालो. ते बोलणं चाललं होतं तेव्हा ताई पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं का, हे मला आठवत नाही, कारण मी तिकडे बघितलंच नाही. वास्तुशांतीला ताई सगळ्यांच्या आधी आल्या, तीस माणसांचा स्वयंपाक त्यांनी उभ्याने केला. त्या ओलीच्या जागी आम्ही फ्रिज ठेवला आणि विसरून गेलो.

ताई विसरल्या नव्हत्या. दरवर्षी नवरात्राआधी साफसफाईला त्या बायकोच्या मदतीला यायच्या. एके वर्षी मी पाणी प्यायला आत गेलो तर फ्रिज पुढे ओढलेला आणि ताई त्याच्या मागे वाकलेल्या. “काय ताई, काही पडलं का?” त्या दचकल्या. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, “काही नाही हो. रेघ बघत होते. आतच आहे. दरवर्षी आतच असते.” मी मूर्खासारखं विचारलं, “साडूंना सांगू?” तर त्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे सरकलो. “खबरदार, भाऊजी! एवढी घरं त्यांनी नापास केली. त्यातलं एक चुकलं कळलं, तर उरलेली सगळी त्यांना झोपू देणार नाहीत.” मग फ्रिज जागेवर ढकलायला त्यांनी मलाच हात लावायला सांगितला.

गेल्या भाद्रपदात ताई गेल्या. नवव्या घराला लिफ्ट नव्हती, तिसरा मजला होता, भाजीची पिशवी घेऊन चढताना छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात दोन दिवस काढून त्या गेल्या. स्मशानातून परत आलो तेवढ्यात घरमालकाचा फोन आला. बोलायला चांगला माणूस होता बिचारा. तुमचं दुःख समजतं म्हणाला, पण दिवस ह्या घरात करू नका, पुढे भाडेकरू मिळणार नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात हेच मला समजावायला लागले, “नाही साडूबुवा, त्याचं बरोबर आहे. तेरावं झालेलं घर लावताना मलाच किती त्रास होतो.” बायको आमची जन्मात कधी मेहुण्यांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. ती म्हणाली, “माझ्या ताईचे दिवस माझ्या घरी होतील. आणि दिवा स्वयंपाकघरात ठेवायचा.”

दिव्याला जागा करायची म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रिज हलवला. मागे ती ओल, तळहाताएवढी, सुकून पिवळी पडलेली. भोवती पेन्सिलीची रेघ, बाजूला तारीख. बारा पावसाळ्यांत ती रेघेला शिवलीसुद्धा नव्हती. हे तासाभरात येणार होते. मी माळ्यावरून उरलेल्या रंगाचा डबा काढला, ब्रश सापडेना म्हणून जुनी फडकी घेतली आणि भिंत रंगवायला बसलो. सुतकात रंगकाम काढणारा मी बहुधा पहिलाच असेन. बायको दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. तिने खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि रंग संपेपर्यंत ते धरून बसली.

हे आले, दिव्यापाशी बसले, आणि दोन दिवस त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तर हे भिंतीकडे बघत होते. त्यांनी हात लांब केला आणि तळवा भिंतीवर टेकवला. “रंग ताजा आहे,” ते म्हणाले. “हो,” मी म्हणालो. “ओल?” मी आयुष्यात ह्या माणसासमोर कधी थाप मारली नव्हती, हिंमतच नव्हती. पण मी म्हणालो, “फार पसरली होती हो. पार खिडकीपर्यंत गेलेली. शेवटी प्लंबर आणून भिंत फोडली, पाइप बदलला. तुमचं बरोबर होतं. हे घर घ्यायला नकोच होतं.” ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या कपबशीवर आली. माझ्या नखांत रंग होता. भिंत फोडलेल्या जागेला गिलाव्याची जाडी वेगळी असते, ते त्यांना हात लावताक्षणी कळलं असणार. बत्तीस वर्षं केसभर फरक पकडलेला हात तो. त्यांनी माझ्या हातातून चहा घेतला आणि अगदी नेहमीच्या, आम्हाला सगळ्यांना चिडवणाऱ्या आवाजात म्हणाले, “तरी मी सांगत होतो.” तेवढं एक वाक्य त्यांनी नीट म्हटलं. मग कप खाली ठेवून त्यांनी तोंडावर रुमाल धरला, आणि मी आजवर कुठल्या मोठ्या माणसाला तसं रडताना बघितलेलं नाही.

आता ते रिटायर झालेत. दहावं घर भाड्याने घेतलंय, एक खोली, ठाकुर्लीच्या बाजूला. आमच्याकडे राहा म्हणून मी दर वेळी सांगतो, ते “बघू” म्हणतात. संध्याकाळचा धंदा मात्र सुटलेला नाही. परवा रविवारी एका नवीन जोडप्याला घर दाखवून थेट आमच्याकडे आले. मी आपलं त्यांना जरा हसवावं म्हणून विचारलं, “काय मग, नापास?” ते चहा ढवळायला लागले. “ती पोरगी स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला सांगत होती, इथे डबे ठेवू, इथे मिक्सर ठेवू. मी काही बोललोच नाही, साडूबुवा.”

“म्हणजे दोष नव्हते?”

“होते की. तीन होते,” ते म्हणाले. “मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.”